पिवळी ज्योत

इलेक्ट्रॉनिक सिटी,
१ जुलै २०२५

ती. स्व. सूर्यकांतमामांस,
शि. सा. न. वि. वि.

कारखान्यातल्या खडखडाटाने तुमचे कान घेतले, म्हणून फोनऐवजी पत्र. तुम्ही दिलेला गॅसचा ओव्हन रुसलाय. केक वरून कच्चा, निळी ज्योत पिवळी झालीय, भिंतीवर काजळी. शनिवारी चार केक द्यायचेत, माझा जीव थाऱ्यावर नाही. ओव्हन मी किती जपते! सांडलेलं चिकटू नये म्हणून तळाला फॉइलसुद्धा अंथरली. डासांमुळे खिडकी बंदच असते.

त्यात आई. पुण्याहून आल्यापासून ओट्याजवळ बसते आणि रोज डोकं दुखतं, मळमळतं म्हणते. बाहेर फिरून आली की बरी! परत जायला निमित्त शोधतेयस, असं काल मी तिला तोंडावर म्हटलं. तेव्हापासून अबोला आहे. केकचं तेवढं सांगा.

मामींना नमस्कार. ओव्हनइतकीच माझीही काळजी असू द्या.

तुमची
मनस्विनी


पीण्या,
४ जुलै

चि. मनस्विनीस अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ता मिळालं. मामी फोनवर फोन करतेय, तू उचलत नाहीस, म्हणून शेजारच्या रविकुमारला हे देऊन धाडतोय. वाचता वाचता ऊठ. गॅस बंद कर, खिडक्या उघड, अक्काला घेऊन बाहेर पड. केक राहू दे.

ओव्हनच्या तळाच्या भोकांतून ज्योतीला हवा मिळते. तीच तू झाकलीस. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि विषारी वायू होतो. त्याला वास नसतो. अक्काचं डोकं त्यानेच दुखतंय. माझी थोरली बहीण निमित्तं शोधणारी बाई नव्हे! तुझा रागच आलाय मला. तिला आजच डॉक्टरकडे ने. मी येईपर्यंत ओव्हनला हात लावायचा नाही, सरी? कळलं ना?

माझं चित्त तुम्हा दोघींपाशी आहे.

सूर्यकांतमामा


इलेक्ट्रॉनिक सिटी,
९ जुलै

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी तुम्ही फॉइल काढून, बर्नर घासून गेलात, तेव्हापासून ज्योत निळी आहे. खिडकीला जाळी लावून घेतली, ती उघडीच ठेवते. असंच चाललं असतं तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आईला आता बरं आहे.

काल तिचे पाय धरले. डोकं दुखत होतं तर तिथून उठून का गेली नाहीस, असं विचारलं. ती म्हणाली, दिवसभर तू लॅपटॉपसमोर असतेस. केक करतानाच तेवढी माझ्याशी बोलतेस.

मामा, तुमचा राग रास्त होता. तरी लोभ कमी करू नका.

तुमची
मनस्विनी