सासऱ्यांची दाढ आणि माझे स्नॅपशॉट

तीर्थरूप ताईस,

वाकून नमस्कार. (लिहितोय बसूनच, पण भाव समजून घे.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत, सासरे सोडून, आणि त्याचीच हकीकत कळवायची आहे.

आमच्या दवाखान्याचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो, हे तू जाणतेसच. (तुझी भावजय लोकांचे दात सांभाळते, उरलेलं सगळं माझ्याकडे.) अपडेट करण्याआधी डिस्कचा स्नॅपशॉट घे, म्हणजे बिघडलं तर आधीच्या स्थितीत परत जाता येतं, हे तूच शिकवलंस. काम झालं की तो काढून टाक, असंही तू बजावलं होतंस म्हणे. तेव्हा मी बहुतेक दार उघडायला गेलो होतो. मला स्नॅपशॉटची चटकच लागली. अपडेटच्या आधी एक, नंतर एक, प्रिंटर रुसला की एक, आणि करमत नसलं तर उगाच एक. काढला मात्र एकही नाही.

हळूहळू दवाखाना मंदावला. स्वागतकक्षातल्या बाई पेशंटचं नाव लिहून सेव्ह दाबायच्या आणि विणकाम हातात घ्यायच्या. जुने एक्स-रे झटकन उघडत, नवा साठवताना मात्र सर्व्हर धापा टाकी, म्हणून मी एक्स-रेच्या यंत्राला दोष देत राहिलो.

अशात सासरे दाढ दुखते म्हणून खुर्चीत येऊन बसले. (त्यांचं बोलणं थांबवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही.) फोटोबिटो नको, ही दाढ काढून मोकळी हो, असा त्यांचा लेकीला हुकूम. तिने न ऐकता तोंडात एक्स-रेचा सेन्सर बसवला. चित्र काही साठेना. सासरे आ वासून माझ्याकडे बघत होते.

"तू काही केलंस का?" हिने विचारलं.

"अजून नाही," मी म्हणालो, आणि दुरुस्तीला हात घालण्याआधी खबरदारी म्हणून आणखी एक स्नॅपशॉट घेतला. पडदा जागीच गोठला.

तुझा फोन बंद. मग नाइलाजाने माहितीपुस्तिका वाचली. नवं काही लिहायचं तर सर्व्हर आधी तिथला जुना मजकूर उचलून राखीव जागेत ठेवतो, मगच नवं लिहितो. आणि हे प्रत्येक स्नॅपशॉटसाठी वेगवेगळं. एका एक्स-रेपायी बिचारा किती हेलपाटे घालत होता. शिवाय सगळ्यात जुना स्नॅपशॉट, ज्याच्या भरवशावर मी निवांत होतो, राखीव जागा भरल्यामुळे केव्हाच निकामी झाला होता. एकेक काढत गेलो, तसा सर्व्हरच्या जिवात जीव आला आणि चित्र उमटलं. किडलेली दाढ शेजारची निघाली. चांगली दाढ थोडक्यात वाचली.

आता शिस्त लावली आहे. कामापुरता एकच स्नॅपशॉट, काम झालं की रजा; आणि खरी प्रत वेगळ्या डिस्कवर, कारण डिस्कच गेली तर स्नॅपशॉटही तिच्याबरोबर जाणार.

तुझा सुधारलेला भाऊ

ता. क. सासरे बरे आहेत. ते माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे घरात शांतता आहे.

ता. क. २. हिने सर्व्हरचा पासवर्ड बदलला आहे. तू विचारलंस तर तुला सांगेल. मला एक अगदी बारीक अपडेट करायचा आहे. फोनवर मात्र माझं नाव काढू नकोस, ती स्पीकर चालू ठेवते.