दोघांचा नवस

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

आज सकाळी राजुरीत देवळात शाल पांघरून घेतली आणि माईकवर खोटं बोललो. अंघोळ करून, गंध लावून, पूर्ण शुद्धीत. दोन दिवस विहिरीत गाडला गेलो होतो, मुखात पांडुरंगाचं नाव होतं, त्यानंच बाहेर काढलं – असं सांगितलं. टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या बायका पाया पडल्या. विहिरीवर दगड फोडणाऱ्या माणसाच्या!

खरं एवढंच, की मे महिन्यात खोदाई चालू असताना मुरमाचा थर सुटला. खाली आम्ही दोघं, मी आणि धर्माजी. मी बाहेर आलो. तो आला नाही.

धर्माजीची बायको चिमाबाई मागे खांबाला टेकून बसली होती. आंबेगावच्या डोंगरातली वाडी तिची, तीन एसट्या बदलून आली होती. लोक पांगल्यावर जवळ आली. "भाऊ, शेवटी त्यांनी कुनाचं नाव घेतलं का?"

तो लगेच गेला, म्हणालो. दरड आली त्याच घटकेला. त्याला काही कळलंच नाही.

"बरं," म्हणाली. पदर नीट केला आणि गेली.

७ ऑक्टोबर

जेवण जात नाही. मंगलनं विचारलं, पोट बिघडलं का. हो म्हणालो. बायकोशीही खोटं.

८ ऑक्टोबर

चिमाबाईचा फोन, शेजारणीच्या मोबाईलवरून. तिला तुळशीची माळ घालायची आहे. येत्या एकादशीला. माळ देणाऱ्या महाराजांशी मी बोलावं म्हणते.

त्यांचा देव वाघदेव. वाडीच्या शिवेवर शेंदूर लावलेला दगड. धर्माजी त्याला विचारल्याशिवाय औत धरायचा नाही. आता चिमाबाई तिकडे जात नाही. वाघबारशीला, त्याच्या सणाला, यंदा खीरसुद्धा करणार नाही. वाडीतले म्हणतात, धर्माजीनं देवाचं काहीतरी चुकवलं असणार. ती म्हणते, "माळकरी जगला, आमचा गेला. आमचाच देव कच्चा निगाला."

विचारतो, एवढंच म्हणालो.

कॅलेंडर पाहिलं. यंदा एकादशी आणि वाघबारस एकाच दिवशी आहेत. सतरा तारखेला.

१० ऑक्टोबर

लिहून टाकतो. इथे कोण वाचणार.

धर्माजी लगेच गेला नाही. चांगला दीड दिवस होता. आम्ही एका कपारीत अडकलो होतो. माझे पाय मोकळे होते. तो कमरेपर्यंत दगडाखाली. खडकातून पाणी पाझरत होतं, ते चाटत होतो. तो ओंजळ भरायचा आणि आधी माझ्या तोंडाशी आणायचा. अंधारात चुकून नाकात जायचं.

तो म्हणाला, "माळकरी हायस, तुजं पाठ असंल. म्हन की कायतरी." मला एक ओळ आठवेना. बावीस वर्षं रोज हरिपाठ म्हणतोय! विठ्ठल एवढंही जिभेवर आलं नाही. आईला हाका मारत होतो. रडत होतो.

तो हसला. खरंच हसला. "तुजा देव लांब ऱ्हातो राव. माजा जवळ हाय, त्यालाच दोगं मिळून धरू." मग मोठ्यानं नवस बोलला – दोघं निघालो तर दोघं मिळून वाघदेवाला कोंबडं देऊ. मला मागून म्हणायला लावलं. मी म्हटलं. माळ गळ्यात असताना कोंबडं कबूल केलं, आणि जीभ अडली नाही. पुढे तो सारखा त्याच्या देवाशी बोलत राहिला, घरच्या माणसाशी बोलावं तसा. मध्येच मला म्हणायचा, झोपू नको, ऐकतोय तो. त्या बोलण्यावर मी जगलो.

बाहेर आल्यावर लोकांनी गळ्यातली माळ पाहिली. पुढचं सगळं तेच बोलले. मी मान हलवली.

१२ ऑक्टोबर

परवाचं वाचलं. तिथंही लबाडी आहे. कोंबड्याची लाज वाटते म्हणून गप्प बसलो, असं वाटेल वाचून. तसं नाही.

जेसीबीचा आवाज वरून येत होता, पण लांबून. धर्माजीचा आवाज बारीक झाला होता. म्हणाला, "दोगांचं त्याला जमत न्हाई वाटतं. एकाला तरी काढ, म्हनू का? नवस दोगांचा हाय, मला एकट्याला बदलता येत न्हाई. तू सांगशील तसं."

त्याचं खरं होतं. दोघांनी बोललेला नवस एकट्यानं बदलायचा नसतो.

त्यातला एक कोण, हे विचारायची गरज नव्हती. माझे पाय मोकळे होते.

मी म्हणालो, "म्हण."

लगेच म्हणालो. श्वाससुद्धा घेतला नाही मध्ये.

त्यानं नवस बदलला. थोड्या वेळानं त्याचं बोलणं थांबलं. मी हात लावून पाहिला नाही.

१४ ऑक्टोबर

सप्ताह कमिटीचे बाळासाहेब घरी आले. एकादशीला आळेफाट्याला कार्यक्रम, तिथंही तुमचा अनुभव सांगा म्हणाले. नाही म्हणालो. कारण विचारलं, तेव्हा सांगितलं – मी नाव घेतलं नव्हतं, घेणारा दुसराच होता, आणि त्यानं वाघदेवाचं घेतलं.

बाळासाहेब दाराकडे बघत म्हणाले, "सावळेराम, मग काय पत्रिकेत वाघानं वाचवलं म्हणून छापू? मनात ठेवा. बाईला माळ घालू द्या, तिचंही भलं होईल."

मंगल आत ऐकत होती. ते गेल्यावर चहाचे कप उचलले. एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचं."

१५ ऑक्टोबर

महाराजांना फोन केला नाही. चिमाबाईलाही नाही. दिवसभर फोन हातात होता.

पांडुरंगावर माझा राग नाही. त्यानं मला टाकलं असंही वाटत नाही. मला वाटतं, त्या कपारीत तो होता, पण माझ्याकडून बोलत नव्हता. हे चिमाबाईला कसं सांगू? तिनं तिचा देव सोडला, तर धर्माजीचं शेवटचं बोलणं कुणाशी झालं म्हणायचं?

१६ ऑक्टोबर

उद्या पहिल्या गाडीनं चिमाबाईकडे. मंगलनं पिशवीत भाकरी ठेवली, मग आठवण झाली – एकादशी. काढून रताळी ठेवली.

१७ ऑक्टोबर, एकादशी. वाघबारस.

चिमाबाईला सांगितलं. ओंजळीचं, नवसाचं आणि 'म्हण' म्हणालो तेही.

ती तांदूळ निवडत होती. सूप हलायचं थांबलं. म्हणाली, "म्हंजी तो तुमाला इचारून गेला. मला न्हाई."

ती उठली, खिरीला दूध चढवलं.

संध्याकाळी शिवेवर ती पुढे, मी मागे. कोंबडं मी माझ्या हातानं दिलं.