खऱ्या कापाचा कागद

बारडोली,
ता. १८ नोव्हेंबर १९९६

ती. नाना यांस,
धाकट्या चंपाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पण त्यातलं निम्मंच खरं आहे. मी बरी आहे. तुझ्या मेहुण्यांचं काही खरं नाही. जूनमध्ये साखर कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा हार घालून घरी आले, चार महिने बरे होते. आता गाळप सुरू झालंय. सकाळचा भोंगा वाजला की उठून बसतात, आणि जायला कुठंच नाही हे आठवलं की पुन्हा आडवे होतात. तीस वर्षं फिटर होते, आता घरात जे हाती लागेल ते दुरुस्त करतात. माझा पोळपाट डुगडुगत नव्हता, तो त्यांनी दुरुस्त केला. आता डुगडुगतो.

दसऱ्याला आम्ही तुझ्याकडे आलो होतो तेव्हा तू तुझ्या गवत कापायच्या मशीनचं रडगाणं गायलास. खालचं पातं झिजलंय, कंपनीचं ओरिजनल मुंबईहून यायला महिना लागेल आणि तुझे मॅनेजर बाजारातलं डुप्लिकेट बसव म्हणून मागे लागलेत. तू ते बोलून विसरलास, यांनी मात्र तुझ्या जुन्या पात्याचं माप दोऱ्यावर गाठी मारून घेतलं होतं. ट्रकच्या चाकांवरच्या कमानीचा पोलादी पाटा आणून पंधरा दिवस घासत होते. ते पातं शेजारच्या लक्ष्मणबरोबर पाठवते. तो कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर जातो, वाटेत तुझ्या गेस्ट हाऊसवर देईल.

नाना, एक ऐक. हे पातं जमलं नाही तर हत्यारांची पेटी भंगारवाल्याला देईन असं ते काल म्हणाले. चिडून म्हणाले असते तर मी घाबरले नसते, पण अगदी शांतपणे म्हणाले. तेव्हा पातं कसंही असो, बसव आणि छान आहे म्हणून कळव. तुझं गवत दोन दिवस वाकडं कापलं गेलं तर कुणाचं लग्न मोडणार नाही.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे, वाढली तरी तक्रार नाही.

तुझी,
चंपा

---

डिंडोली, सुरत,
ता. २५ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. चंपाबाईस,
नानाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र लक्ष्मणच्या हाती देतोय, पोस्टाने नाही. वाचून चुलीत टाक.

पातं मिळालं. तुझ्या जुन्या लुगड्यात असं गुंडाळलं होतं की वहिनीला वाटलं, बारडोलीहून बाळ आलं. मशीन कसली ते तुला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. वर पाच पात्यांचा ढोल फिरतो आणि त्याखाली एक आडवं पातं पक्कं बसवलेलं असतं. गवत दोघांच्या मधे सापडतं, कैचीत सापडावं तसं. खालचं पातं सरळ नसेल तर सगळं मुसळ केरात.

तुझ्या पोपटरावांचं पातं बसवलं आणि समोरच्या लॉनवर एक फेरी मारली. गवताकडे बघून वाटलं, न्हाव्याने अर्धी हजामत केली आणि त्याला कुणीतरी हाक मारली. दोन्ही बाजूंनी कापलं जातं, मधे चार बोटांचा पट्टा तसाच उभा राहतो. मॅनेजर साहेब गॅलरीतून बघत होते. मी त्यांना सांगितलं की ही नवीन डिझाइन आहे. एकोणीस वर्षांत त्या माणसाला मी पहिल्यांदा थाप मारली, ती तुझ्या नवऱ्यापायी. नशिबाने परवाच मुंबईचं ओरिजनल येऊन पोचलं, ते बसवलं आणि तो पट्टा साफ केला.

मला शाळा मिळाली नाही, बियाण्याच्या पाकिटांवरची अक्षरं लावत वाचायला शिकलो. त्यामुळे खोटं लिहिताना माझा हात अडतो. तरी तुझ्या शब्दाखातर मेहुण्यांना वेगळं पत्र पोस्टात टाकलंय. त्यात इतकी स्तुती आहे की लिहिताना माझंच तोंड गोड झालं.

आहे तो लोभ जपून वापर, संपवू नकोस.

तुझा,
नाना

---

बारडोली,
ता. ३ डिसेंबर १९९६

श्री. नाना यांस,
पोपटचा नमस्कार. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. पातं कंपनीच्या तोंडात मारेल असं आहे, असं आपण लिहिलंत. वाचून बरं वाटलं. सौ. ने ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं, वाचता येत असूनही मी ऐकून घेतलं.

एक लहानसं काम आहे. वहीचा पातळ कागद घ्या, ढोल आणि खालचं पातं यांच्या मधे आडवा धरा आणि ढोल हाताने सावकाश फिरवा. तो कापलेला कागद मला पाकिटातून पाठवा. काप कसा येतो ते बघायचंय. बोटं सांभाळा.

वहिनींना नमस्कार. आठवण ठेवतच असाल, कागदाचीही ठेवा.

आपला,
पोपट

---

डिंडोली, सुरत,
ता. ९ डिसेंबर १९९६

श्री. पोपटराव यांस,
नानाचा नमस्कार. वि. वि.

सांगितल्याप्रमाणे कागद सोबत ठेवला आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघा, एक धागा सुटलेला नाही. आमचा दुसरा माळी निंबा बघून म्हणाला की असं पातं मुंबईवाल्यांनीही बघायला यावं. मी त्याला म्हटलं, बारडोलीत आमचे मेहुणे बसलेत.

थंडी पडली आहे, गवत कमी वाढतं, मी जास्त बसतो. चंपाला आशीर्वाद. आपली कृपा आमच्या मशीनवर अशीच असू द्या.

आपला,
नाना

---

बारडोली,
ता. १४ डिसेंबर १९९६

श्री. नाना यांस,
पोपटचा नमस्कार. वि. वि.

कागद मिळाला. उजेडात धरून बघितला. हा काप माझ्या पात्याचा नाही.

मला कसं कळलं म्हणून डोकं खाजवू नका, सांगतो. घासताना पाटा शिकंज्याच्या पकडीतून सरकला आणि मधे चार बोटांची जागा जास्त घासली गेली. तिथे नखाच्या जाडीइतका खड्डा आहे. मला तो पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. सौ. ने न विचारता पातं गुंडाळून पाठवलं, मी ते पुन्हा कानशीखाली घेणार होतो. माझ्या पात्यावर कागद मधे कापला जात नाही, दुमडतो. आपण पाठवलेला लोण्यासारखा कापलाय. तो कंपनीच्या पात्याचा आहे, आणि चांगला आहे.

नाना, कारखान्यात तीस वर्षं मला सगळ्यांनी बोलून घेतलं. गिअर घसरला तरी पोपट, पट्टा तुटला तरी पोपट. मी सगळं ऐकलं. पण खोटी शाबासकी कुणी दिली नव्हती. ती आजाऱ्याला आणि लहान मुलाला देतात. आपण मला दोन्हीतलं काय समजलात, ते समोर येऊन विचारणार आहे.

गुरुवारी सकाळच्या एसटीने निघतो, कडोदऱ्याला उतरून गेस्ट हाऊसवर येईन. पेटी बरोबर आणतो. माझं पातं मशीनवर चढवून ठेवा आणि खरा कागद काढून ठेवा. राग आहे, पण लोभाला धक्का नाही.

आपला,
पोपट

ता. क. सौ. ला विचारलं, ती म्हणाली की तिला यातलं काही माहीत नाही. तीही चांगलं बोलते.

---

बारडोली,
ता. १९ डिसेंबर १९९६

ती. नाना यांस,
चंपाचा घाईत सा. न.

हे पत्र निंबाच्या घरच्यांबरोबर पाठवते, ते आज बाजाराला आले होते. हे सकाळी पाचला उठून गेले. भोंग्याच्या आधी. पेटी उचलवेना तरी लक्ष्मणला हात लावू दिला नाही. दारातून तुला काय काय म्हणाले ते मी लिहीत नाही, तू माझा थोरला आहेस.

तुला एक सोपं काम सांगितलं होतं, तेही धड झालं नाही. कागद त्यांच्याच पात्यावर कापून पाठवायचा, इतकं सुचू नये? आता तूच निस्तर. आणि ते काय म्हणतात ते मला कळव, चांगलं असलं तरच.

रागावले आहे, म्हणून माया थोडी जास्त.

चंपा

---

डिंडोली, सुरत,
ता. २४ डिसेंबर १९९६

चि. सौ. चंपाबाईस,
नानाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझा नवरा पाच दिवस माझ्याकडे आहे आणि मी पाच दिवस शिव्या खातोय. आल्याआल्या खरा कागद मागितला. मी दिला, मधे दुमडलेला. त्यावर बोट फिरवून म्हणाले की आता कसं, हा माझा आहे.

मग शेडच्या दारात पेटी उघडली. वहिनीच्या डबीतलं कुंकू तेलात कालवून पात्यावर फासलं, ढोल फिरवला, जिथं लाल पुसलं जाईल तो उंचवटा, तिथंच कानस मारायची. दोन दिवस हेच. वहिनी विचारते की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काय लावू. शनिवारी कागद टोकापासून टोकापर्यंत कापला गेला. मी टाळी वाजवायला हात उचलले, त्यांनी डोळ्यांनीच खाली करवले. रविवारी लॉन कापलं. सोमवारी धार बघितली तर पडलेली. कमानीचा पाटा ट्रक झेलायला चांगला, गवताची धार धरत नाही. हे मी म्हणालो नाही, तेच म्हणाले. समोरच्या लॉनला ओरिजनलच ठेवा, माझं मागच्या कुंपणाकडच्या रानगवताला लावा, असं स्वतः सांगून त्यांनी स्वतःच्या हातांनी बदललं. माझ्या मनात तो भंगारवाला येऊन गेला.

तेवढ्यात त्यांची नजर शेडमधल्या जुन्या मशीनवर गेली. चार आहेत, पाती गेली म्हणून टाकून दिलेल्या. त्यांनी एकेक पातं काढून उजेडात धरलं. मग माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की एकोणीस वर्षं माळीकाम केलेला मी, शाळेतल्या पोरासारखा पाठीमागे हात बांधून उभा राहिलो. म्हणाले, ही सगळी ओरिजनल आहेत, फक्त धार गेली आहे. तुम्ही मुंबईची वाट बघत बसलात आणि घरातलं सोनं गंजवलंत. काल संध्याकाळपर्यंत दोन मशीन उभ्या केल्या. मॅनेजर साहेब खाली उतरून आले, कागद कापून बघितला, पुन्हा कापून बघितला, आणि दर सोमवारी-मंगळवारी याल का म्हणून गुजरातीत विचारलं. पोपटरावांनी लगेच हो म्हटलं नाही. एक अट घातली, की काम बिघडलं तर तोंडावर सांगायचं. साहेब म्हणाले, त्याची काळजी नको.

ते उद्या घरी येतील, सोमवारी परत येतील. पेटी इथेच ठेवतायत. दर खेपेला कोण उचलून नेणार, म्हणाले.

आता खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून खरं लिहितो. तुझा नवरा पहिल्या नंबरचा फिटर आहे आणि त्याने बनवलेलं पातं बेताचं आहे. हे वाक्य मी त्यांना आत्ताच वाचून दाखवलं. पातं बेताचं आहे याला त्यांनी मान डोलावली. आधीच्या अर्ध्यावर वहिनीकडे आणखी एक भाकरी मागितली.

लोभ आहेच, त्याला धार लावायची गरज पडू नये.

तुझा,
नाना