कारभारी कोणाच्या दावणीला

मी, झुंबरबाई पिराजी कोलेकर, वय वर्षे अडुसष्ट, धंदा शेळ्या राखणे, राहणार मौजे करंबेवाडी, पोस्ट नेसरी, तालुका गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड आहे तो काळजात, आणि मृत्युपत्राला डोके चांगले असले की पुरते, असे वकिलांनी सांगितले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक घातलेला नाही. उलट घरातले सगळे "आत्ताच कशाला लिहितेस?" म्हणत आहेत, आणि त्यातल्या एकाला तर मी हे लिहूच नये असे वाटते. त्याचे नाव पुढे येईलच.

येत्या बुधवारी कोल्हापुरात माझे हृदयाचे ऑपरेशन आहे. त्याच्या पुढच्या मंगळवारी आमच्या गावची लक्ष्मीची यात्रा बसते आहे, तीही बावीस वर्षांनी. त्या मंगळवारी मी कुठे असेन, कशी असेन, हे डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून आज लिहिते आहे.

कलम १. राहते घर माझ्या नावावर आहे. ते थोरला बाळासो आणि धाकटा विश्वजित या दोघांना सारखे. विश्वजित पुण्याला नोकरीला असतो, गणपतीला येतो आणि गौरी गेल्या की जातो. त्याने पुढची खोली घ्यावी, पण तिला कुलूप घालून जाऊ नये. बंद खोलीत आधी उंदीर होतात आणि मग भांडणे होतात. शेतजमीन यांचे वडील गेले तेव्हाच पोरांच्या नावावर झाली आहे, तिच्याबद्दल मला बोलायचे नाही. एवढेच बोलायचे आहे की बांधावरची शेवरी आणि हादगा म्हणजे शेळ्यांचा पाला, तो तोडायचा नाही. उसाला सावली पडते म्हणून बाळासो दर वर्षी कुऱ्हाड घेऊन निघतो आणि दर वर्षी मी आडवी उभी राहते. पुढच्या वर्षी कोणीतरी दुसऱ्याने उभे राहावे.

कलम २. घरामागचा शेळ्यांचा गोठा या वाटणीत येत नाही. तो थोरली सून संयोगिता हिचा एकटीचा. ही लग्न होऊन आली तेव्हा गोठ्याकडे बघून पदर नाकाला लावायची. आज शेळी अडली की सगळ्यांच्या आधी तिचा हात पुढे असतो. नवऱ्याने काही म्हटले तर तिने हे कलम त्याला वाचून दाखवावे.

कलम ३. बोरमाळ नात अनुजा हिला. तिने ती मोडून स्कूटी घेतली तरी माझी हरकत नाही, घालून मिरवली तर जास्त आनंद. पोस्टातले पैसे ऑपरेशनमधून उरले तर शेळ्यांच्या लसीला लावावेत. फांद्या ओढायची लांब आकडी गावातल्या राजनंदिनी हिला द्यावी. राजनंदिनीचे नाव राजवाड्यातले असले तरी घर पत्र्याचे आहे. नवरा गेल्यावर तिला मी एक शेळी दिली होती. आज दोन्ही पोरांच्या शाळेचा खर्च ती शेळ्यांवर काढते आणि कोणापुढे हात पसरत नाही.

कलम ४. शेळ्यांचे. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण माझ्या माघारी "शेळ्या म्हणजे शेळ्याच की" असे म्हणणारे पुष्कळ आहेत.

आमच्या या भागातली जुनी शेळी ठेंगणी, काळीभोर, आखूड कानाची. आम्ही तिला डोंगरी म्हणतो. पावसाळाभर भिजते तरी खोकत नाही. बहुतेक वेळा दोन करडे देते आणि दोन्ही जगवते. गेल्या यात्रेला घरटी पाहुणे आले, घरटी बोकड कापले, आणि मागणी एवढी वाढली की लोकांनी वीतभर करडेसुद्धा विकली. यात्रा संपली तेव्हा गावात डोंगरी नर उरला नव्हता. मग बाळासोने बाजारातून एक उंचापुरा पांढरा बोकड आणला. गाव बघायला लोटले. त्याची करडे दिसायला घोड्यासारखी, पण पहिल्याच पावसात निम्मी न्यूमोनियाने गेली. राजनंदिनीच्या सासूची शेळी त्याचेच करडू पोटात आडवे येऊन मेली. लहान कुडीच्या शेळीला मोठ्या अंगाचा नर दाखवायचा नसतो, हे आमच्या सासूबाई सांगायच्या. सासूबाईंचे ऐकायचे नाही ही या घराची रीतच आहे, मीही ती पाळली आहे.

माझ्याकडे चार डोंगरी शेळ्या राहिल्या होत्या आणि वरच्या वाडीवर एक म्हातारा नर सापडला. त्यातून एवढा कळप झाला. मी शेळ्या वाट्याने देते. म्हणजे बाईने शेळी न्यायची, पहिले मादी करडू मला परत द्यायचे, बाकी सगळे तिचे. परत आलेले करडू मी दुसऱ्या बाईला देते. असे करत करत चार गावांतल्या बायकांच्या दारात या शेळ्या गेल्या. ज्या बाईकडे जी शेळी आज आहे ती तिची. माझ्या वारसांनी एकही परत मागायची नाही. माझ्या गोठ्यातल्या शेळ्या संयोगिताने राखाव्यात आणि वाट्याची रीत चालू ठेवावी.

कलम ५. कारभारी.

कारभारी हा माझा बोकड. "नवऱ्याला हाक मारायचीस तेच नाव बोकडाला?" असे बायका मला हसून विचारतात. दोघेही सकाळी उठून गोठ्याभोवती फेरी मारणारे आणि काम काही न करणारे, म्हणून ठेवले. पण हे म्हणायला झाले. नर करडे बायका विकतात किंवा खच्ची करतात, त्यामुळे हा एकच डोंगरी नर आता उरला आहे. चार गावांतल्या बायका शेळी फळवायला याच्याकडेच येतात. पशुसंवर्धनाच्या डॉक्टर शिवलीलाताई दोनदा येऊन त्याची मापे आणि रक्त घेऊन गेल्या. एका नरावर वंश फार काळ टिकत नाही, गारगोटीच्या बाजूला असलाच एक असल्याचे कळले आहे, तो मिळाला की अदलाबदल करू, असे त्या म्हणाल्या. पण तो मिळेपर्यंत हा जगला पाहिजे.

आणि यात्रेच्या मिटिंगीत बाळासोने उभे राहून सांगितले की देवीच्या मानाचा बोकड आमच्या घरचा. मानाला अंगावर एकही पांढरा केस नसलेला आणि खच्ची न केलेला नर लागतो. असा गावात एकच आहे. टाळ्या वाजल्या म्हणे. मी तेव्हा डॉक्टरकडे छाती दाखवायला गेले होते.

बाळासो वाईट नाही, हे मी इथे लिहून ठेवते. त्याला गावात मान पाहिजे, आणि इतकी वर्षे आमच्या घराला तो मिळाला नाही, हेही खरे. मी त्याला दोन खच्ची बोकड पाहुण्यांसाठी काढून दिले. मानाला दुसरा नर बाहेरून आण म्हटले. देवीला हात जोडून सांगितले की आई, तुझे देणे मी चुकवत नाही, पण वंशाचा शेवटचा मागू नकोस. देवी काही बोलली नाही. बाळासो बोलला, "मी शबूद दिलाय. आता न्हाय म्हणालो तर गावात तोंड कुठं दाखवू?" परवा त्याने सुरी नेसरीतून धार लावून आणली आणि फळीवर ठेवली. ती मी रोज बघते आणि माझी छाती दुखते.

म्हणून कारभारी माझ्या पश्चात शेजारीण बसम्मा भरमाप्पा हिला देण्यात यावा. हे वाचून गावातल्यांना फेफरे येईल. बसम्मा आणि मी गेली पुष्कळ वर्षे एकमेकींच्या हळदीकुंकवाला गेलेलो नाही. माझ्या शेळ्यांनी तिच्या परड्यातला घेवडा खाल्ला म्हणून तिने त्या कोंडवाड्यात घातल्या होत्या. सणाचा दिवस होता आणि घरात दुधाचा थेंब नव्हता, ते मी विसरलेले नाही आणि मेल्यावरही विसरणार नाही. पण ते घर लिंगायताचे. त्या उंबऱ्याच्या आत कधी सुरी उचलली गेलेली नाही, आणि त्या दारातून जनावर ओढून आणायची या गावात कोणाची छाती नाही. बाळासोचीही नाही.

इथपर्यंत लिहून मी आज सकाळी वकील विजयसिंह यांना दाखवले. ते माझ्या बहिणीच्या गावचे, मला मावशी म्हणतात. कलम पाच त्यांनी दोनदा वाचले आणि चष्मा काढला.

"मावशी, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं."

"म्हाईत हाय की."

"तुम्ही मंगळवारी दवाखान्यात असाल. देव करो आणि बऱ्याच व्हाल. पण मग हा कागद त्या दिवशी नुसता कागद. बोकड तुमचा, आणि ताबा बाळासोकडे."

मला समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे बोकड वाचायला मी बुधवारीच मरायला पायजे व्हय?"

खरे सांगते, क्षणभर मी तोही हिशोब केला. मेले तर कारभारी जगतो, जगले तर तो जातो. असा विचार मनात आला याची मला स्वतःचीच भीती वाटली. मग विजयसिंह म्हणाले की वाचवायचा असेल तर आजच द्या, चार माणसांसमोर दोर हातात द्या, आणि कायमचा द्या. नुसता सांभाळायला ठेवलात तर मालकी तुमचीच राहते आणि मुलगा मागायला जाऊ शकतो.

तेव्हा मी बसम्माच्या दारात गेले. ती शेंगा फोडत बसली होती. तिचे यजमान भरमाप्पा सोप्यात होते.

"काय अक्का, वाट चुकलीस काय?" ती म्हणाली, पण शेंगा फोडायच्या थांबली.

मी सगळे सांगितले. आडपडदा ठेवला नाही. ऐकून ती म्हणाली, "यव्वा, आमच्या दारात बोकड? लोक काय म्हणतील गं? आणि त्याचा वास. देवघरापर्यंत येतोय त्याचा वास."

"येतोय. न्हाय म्हणत न्हाय मी."

"तुझ्या शेळ्यांनी माझा घेवडा खाल्लेला मी इसरलेली न्हाय."

"नको इसरू. मीबी कोंडवाडा इसरलेली न्हाय. पण ठिवून घे."

ती नवऱ्याकडे बघू लागली. भरमाप्पांनी एवढेच विचारले, "यात्रा झाल्यावर परत मागशील?"

"न्हाय. तुमचाच. बायका शेळ्या घेऊन येतील, त्यास्नी न्हाय म्हणू नका, एवढंच."

बसम्माने शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाली, "लेंडीखत माझ्या परड्याला. आणि तुझ्या गोठ्यातलं पण, दर वर्षी." मी हो म्हटले. त्यामुळे कलम दोनमध्ये जोडून लिहिते की गोठ्यातले लेंडीखत दर वर्षी बसम्माच्या परड्यात टाकावे, आणि संयोगिताने यात घासाघीस करू नये.

मी बोकड न्यायला परत आले तेव्हा बाळासो गोठ्याच्या दारात उभा होता. त्याला कोणी सांगितले कोण जाणे.

"आई, त्यो देवीचा हाय."

"देवीचा हाय तर देवी राखंल. तू कशाला धार लावून आणलीस?"

त्याने दोर धरला. मीही सोडला नाही. कारभारी आमच्या दोघांच्या मध्ये उभा, कधी त्याच्याकडे बघतो, कधी माझ्याकडे. करडू असताना तो बाळासोचा अंगठा चोखायचा, मला तेही आठवले. मला धाप लागली आणि माझा हात छातीवर गेला. ते बघून बाळासोने दोर सोडला. "गावाला काय सांगू मी?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज लहानपणासारखा झाला होता. मी म्हटले, "सांग, बोकड आईचा हुता, आईनं दिला." तो जोत्यावर बसून राहिला. दुपारी जेवला नाही. बुधवारी पहाटे मला कोल्हापूरला तोच घेऊन जाणार आहे. गाडीत आम्ही काय बोलू, मला ठाऊक नाही.

दोर मी बसम्माच्या हातात दिला. विजयसिंह, शिवलीलाताई आणि दूध संस्थेचे सचिव धैर्यशील समोर होते. कारभारी तिच्या अंगणात जाऊन आधी तिच्या तुळशीला तोंड लावायला गेला आणि तिने त्याला पदराने हाणले. मला हसू आले आणि लगेच रडूही आले. इतकी वर्षे सकाळी उठून पहिला हात त्याच्या पाठीवर पडायचा. उद्या पडणार नाही.

कलम ५ मी माझ्या हाताने खोडले आहे. खोडल्या जागी सही केली आहे. कारभारी नावाचा बोकड आजपासून माझ्या मालकीचा नाही, त्यामुळे माझ्या मरणाशी त्याचा काही संबंध उरलेला नाही. बाकी कलमे जशी आहेत तशी राहतील आणि ती अमलात आणण्याचे काम वकील विजयसिंह यांनी करावे.

आता मी जगले तरी चालेल.

स्थळ : करंबेवाडी
दिनांक : २० एप्रिल २०२५, रविवार

लिहून देणार
झुंबरबाई पिराजी कोलेकर (सही)

वरील बाईंनी हा कागद आमच्यासमोर पूर्ण शुद्धीत वाचून सही केली. आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. आम्हा दोघांनाही यातून काही मिळत नाही.

साक्षीदार १. डॉ. शिवलीला, पशुवैद्य, मुक्काम नेसरी (सही)
साक्षीदार २. धैर्यशील, सचिव, दूध संस्था, करंबेवाडी (सही)