तुझी आई अबोल नव्हती

वायपाहू, हवाई,
१४ सप्टेंबर २०१९

प्रिय मेल्विन,

फोनवरचा तुझा निरोप ऐकला. ‘आंटी, आईच्या वर्षाच्या दिवसाला मला काही लास वेगासहून येता येईलसं दिसत नाही. तुम्हीच बघा ना, तुम्हाला सगळं माहीत असतं.’ खरंय, मला सगळं माहीत असतं. हॉल कुठला घ्यायचा, फादरना कधी सांगायचं, नूडल्स कुणाच्या हातच्या चांगल्या होतात आणि कुणाला कुणाशेजारी अजिबात बसवायचं नाही, हे या गावात चाळीस वर्षं मीच बघत आलेय. निरोप ऐकला आणि सवयीने वही पुढे ओढली, वर तारीख घातली. मग पेन खाली ठेवलं. आज तीन दिवस ते पान तसंच आहे.

मी दमलेय रे. एकोणऐंशी वर्षांची बाई दमली यात नवल नाही, पण मला ते कबूल करायला फार वेळ लागला. गेल्या महिन्यात आपलं इलोकानो मंडळ पुन्हा फुटलं. ही तिसरी खेप. या वेळचं कारण असं, की मेजवानीत मुख्य टेबलावर माजी अध्यक्षांच्या बायकांनी बसायचं की नाही. आता दोन मंडळं आहेत, दोन अध्यक्ष आहेत, आणि दोघंही दारात येऊन म्हणतात, ‘बाई, तुम्ही आमच्याकडेच हव्यात.’ मी दोघांनाही हो म्हटलं. नाही म्हणणं मला जन्मात जमलं नाही. आपल्या लोकांत ते कुणालाच जमत नाही म्हणा, पण मी त्यात पहिल्या नंबराची.

मंडळाचं एक वेळ सोड. खरा थकवा बुधवारी आणि शनिवारी येतो. त्या दिवशी मी वृद्धाश्रमात जाते. आपल्या बायका तिथे ऐंशी-पंच्याऐंशीच्या झाल्यात. डोकं साथ सोडायला लागलं, की शेवटी शिकलेलं आधी जातं, म्हणून त्यांचं इंग्रजी आधी गेलं. मुलं येतात, चांगली शिकलेली, साहेब झालेली, आणि आईच्या पलंगाशेजारी परक्यासारखी बसतात, कारण त्यांना इलोकानोचा एक शब्द कळत नाही. मग नर्स मला फोन करते. मी मधे बसते आणि सांगत राहते, ‘तिला पाणी हवंय. तिला उकडतंय. आता ती तुझ्या वडिलांचा उद्धार करतेय, ते सोड.’ मुलं हसतात, ‘थँक यू, आंटी’ म्हणतात. त्यांना वाटतं मी उपकार करतेय. मी तिथे काय फेडायला जाते ते मलाच ठाऊक.

तुला हे कुणी सांगितलं नसेल. मी १९६७ साली इथे आले तेव्हा सहा वर्षं शिकवलेली शिक्षिका होते. तिकडे फिलिपिन्समध्ये, बाकारात, आमच्या गावी, मी रस्त्याने निघाले की पुरुष टोपी काढायचे. इथे माझा दाखला कुणी बघायलाही तयार नव्हतं. दोन वर्षं अननसाच्या कारखान्यात डोळे काढत उभी होते, अननसाचे म्हणतेय. ते काम करणाऱ्या हातांना रसाने भेगा पडतात, त्या अजून थंडीत ठणकतात. मग इथल्या शाळेने मला मदतनीस म्हणून घेतलं. मला आकाश ठेंगणं झालं. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, ‘तुमची मुलं मागे पडतात, कारण घरात इंग्रजी नाही. आईबापांना जाऊन समजवा. तुमचं ऐकतील.’ ऐकणारच होते. मी बाई होते ना!

मळ्याच्या वस्तीतलं एकही घर मी सोडलं नाही. तुमचं घर शेवटून दुसरं. तू चार वर्षांचा होतास, पायरीवर बसून कोंबडीला काहीतरी दरडावून सांगत होतास. खणखणीत इलोकानोत. तुझी आई, मानांग पासिता, आत शेवग्याचा पाला निवडत होती. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला मानांग म्हणायचे, पण त्या दिवशी तीच हात पुसत उठून उभी राहिली. मी माझं भाषण केलं. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, ‘पण बाई, मला तर दुकानापुरतंच इंग्रजी येतं. मग मी याच्याशी बोलू काय?’

मी म्हटलं, ‘तेवढंच बोला. बाकीचं शाळा बघेल.’

तिने ऐकलं. बाकीच्या बायका दोन-चार महिन्यांत ढिल्या पडल्या, ओरडताना तरी इलोकानोत ओरडायच्या. तुझी आई नाही. बाईंनी सांगितलं म्हणजे सांगितलं. तिने तुला दुकानातल्या शब्दांवर वाढवलं. ये. खा. पुरे. किती? उद्या. तू शाळेत पहिला यायला लागलास तेव्हा मी सगळीकडे तुझं उदाहरण द्यायचे. पुढे मी रात्रीच्या कॉलेजातून पदवी घेऊन पुरी शिक्षिका झाले, सत्कार झाले, भिंतीवर पाट्या लागल्या, आणि दर सत्काराला तुझी आई टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत असायची. एकदाही तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी तिला निरोप देताना तू चर्चमध्ये उभा राहून म्हणालास, ‘माझी आई फार कमी बोलायची.’ तू मनापासून बोललास. पण पाठीमागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि मग सगळ्या माझ्याकडे. मेल्विन, तुझी आई अबोल नव्हती. तिच्या जिभेला सगळी वस्ती भिऊन असायची. ती प्रत्येकाच्या चालण्या-बोलण्याची नक्कल करायची, माझीही. भाषण ठोकताना मी हनुवटी कशी वर करते ते तिने एकदा कपडे धुताना करून दाखवलं, तेव्हा बायका हसून हसून पाण्यात बसल्या. तिच्या गोष्टी ऐकायला लोक जेवणं टाकून यायचे. हे सगळं तुमच्या घराच्या दारापर्यंत होतं. आत तू असायचास, म्हणून उंबऱ्यावर ती तोंड मिटायची.

आता जे लिहायचं त्यासाठी तीन दिवस गेले. तुझी तिची शेवटची भेट आठव, वृद्धाश्रमातली. तुझी टॅक्सी खाली उभी होती. तिने तुझी बाही धरून ठेवली होती आणि ती बराच वेळ बोलत होती. मी सकाळपासून तिथे होते, फोनवर मंडळाची भांडणं चालू होती, गुडघे बोंबलत होते. तू विचारलंस, ‘काय म्हणतेय, आंटी?’ आणि मी म्हटलं, ‘नीट जा म्हणतेय. जेवत जा.’ तू हसलास, तिच्या कपाळाचा मुका घेतलास आणि गेलास. ते खोटं होतं. ती म्हणत होती, ‘त्याला सांग, जाताना दारात उभं राहून मला हाक मार. चल म्हण, मागे राहू नकोस म्हण. नाहीतर माझा जीव इथेच राहील, या पडद्यांच्या खोलीत.’ आपल्याकडे कुठूनही निघताना अशी हाक मारतात, माणसाचा जीव मागे रेंगाळू नये म्हणून. तुला ते ठाऊक नाही, कारण असल्या जुन्या गोष्टी मुलांच्या डोक्यात घालू नका, हेही मीच घरोघर सांगितलं होतं. त्या दुपारी मला ते तुला समजावून सांगायची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त कंटाळा आला. तू गेल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, ‘एवढंच सांगितलंस, सलुद?’ पुढे एकोणीस दिवस ती होती. मला पुन्हा तिने काही सांगायला सांगितलं नाही.

म्हणून हे पत्र. वर्षाच्या दिवसाचं मी बघणार नाही. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं ‘नाही’ आहे, ते तुझ्या वाट्याला आलं, माफ कर, आणि बाकीच्यासाठी माफ करता आलं नाही तर नको करूस. पण तू ये. त्या खोलीत आता दुसरी म्हातारी आहे, मी तिला विचारून ठेवलंय, तिची हरकत नाही. तू येईपर्यंत तिच्या जिवाला तिथे थांबावं लागू नये म्हणून मीच एकदा दारात उभी राहून हाक मारली होती. काही खरं वाटलं नाही. माझं तिने जन्मभर ऐकलं, तेवढं पुरे झालं तिला. हाक तुझीच हवी. दोनच वाक्यं आहेत, इंग्रजी अक्षरांत वेगळ्या कागदावरही लिहून जोडतेय. ‘उमायकान, नानांग. दिका अगबतबाती.’ म्हणजे, चल आता, आई, मागे राहू नकोस. सावकाश म्हण, पण मोठ्याने म्हण. उच्चार चुकतील, चुकू देत. चार वर्षांचा असताना तू हीच भाषा बोलायचास, आणि तुझी आई एकोणपन्नास वर्षं ती तुझ्या तोंडून पुन्हा ऐकायला थांबली आहे.

तुझी, आणि तिचीही, अपराधी,
सलुद आंटी