थोडी कणकण

राहू,
ता. ३ फेब्रुवारी

चि. सीमास, आबांचा सप्रेम जय भीम.

आधी दीक्षाचं लिहितो, नाहीतर बाकीचं तू वाचायची नाहीस.

काल सतीश तिला इथं सोडून गेला तेव्हा पोर फणफणली होती. पाळणाघरवाल्या बाई तापाचं मूल ठेवून घेत नाहीत, त्यांचं बरोबरच आहे. तुम्हा नवरा-बायकोला कंपनी रजा देत नाही, तेही मला कळतं. तू खोलीच्या दारात रडत उभी होतीस असं सतीश म्हणाला. रडू नकोस, मी आहे ना.

लगेच केडगावला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. फ्लू आहे म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, एक सुई टोचा, न्हाईतर सलाईन लावा, म्हंजी झटक्यात उतरंल." त्या हसल्या. पोर पाणी पितेय, लघवी करतेय, मग सलाईन कशाला म्हणाल्या. वजन करून तापाचं औषध लिहून दिलं. वय लहान आणि आपण वेळेवर आलो म्हणून फ्लूचंही औषध दिलं, ते ताप उतरला तरी पाच दिवस पुरं करायचं. बाकी पेज, पाणी आणि झोप. ताप तीन-चार दिवस राहतो, कधी आठवडाही घेतो. खोकला मात्र दोन-दोन आठवडे रेंगाळतो, त्याला घाबरायचं नाही. घाबरायचं कशाला, तर श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या गेल्या, पोर पाणी घेईना झाली, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला तर. तसं झालं तर जसे असाल तसे उचलून आणा म्हणाल्या.

तुला कंपनीत लाइनवर मोबाईल नेऊ देत नाहीत, आणि रेल्वेच्या रुळांवर नोकरी करून माझे कान अर्धेच उरलेत. शेजारचा दत्ता रोज तुमच्या सणसवाडीलाच कामाला जातो, त्याच्याकडे चिठ्ठी देत जाईन.

तुझा,
आबा

राहू,
ता. ११ फेब्रुवारी

चि. सीमास, सप्रेम जय भीम.

रविवारी न्यायला येते असं लिहिलंस. वाचलं.

ताप उतरला हे खरं. पण अशक्तपणा म्हणून काही असतो की नाही? खाणं तसं बरं आहे, सकाळी दुधात भाकरी कुस्करून वाटीभर खाते, आणि माझ्या ताटात हात घालते तो वेगळा. काल समोरच्या दगडाबाईच्या करडामागं सगळ्या आळीभर पळाली. म्हणजे पळाली नाही, हळूहळू चालली.

तुझ्या सासूबाई गेल्यापासून या घरात मी एकटाच बोलायचो, तेही रेडिओशी. आता सकाळी डोळे उघडायच्या आत कुणीतरी माझी मिशी ओढतं. "आबा, उठा की. च्या कवा करायचा?" चार वर्षांची पोर, पण सासूबाईंचाच ठसका. दगडाबाई म्हणाली, साहेबराव, तुम्ही आठ दिवसांत गुटगुटीत झालात. मीच झालो म्हणे.

खोकला आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या की रेंगाळतो. शिवाय काल संध्याकाळी अंगात थोडी कणकणही वाटली. तेव्हा या रविवारी नको. पुढचं पुढं बघू.

दत्ताला थांबवून ठेवलंय, म्हणून आवरतो.

तुझा,
आबा

राहू,
ता. १२ फेब्रुवारी

पोरी सीमा,

काल दुपारी तू फोन केलास. चिठ्ठी वाचून लाइन सोडून गेटवर आलीस, सुपरवायझर ओरडत होता, ते मला ऐकू आलं. इतके काही माझे कान गेलेले नाहीत.

"कणकण म्हणजे पुन्हा ताप चढला का आबा? बरगड्या बघा. आत्ताच्या आत्ता बघा," म्हणालीस. मी म्हणालो, काही नाही गं, बरी आहे. तू ऐकेनास. मोबाईल तिच्या छातीला लावा, मला श्वास ऐकू द्या म्हणालीस. मी लावला. तिला गुदगुल्या झाल्या आणि ती खदाखदा हसली.

हसताना ती एकदाही खोकली नाही, ते तूही ऐकलंस. नंतर जे बोललीस ते माझ्या कानातून जात नाही.

"आबा, तिला ठिवून घ्यायची व्हती तर मला मागायची. ताप कशाला म्हणायचा?"

खरं लिहितो. कणकण नव्हती. खोकलाही परवापासून नाही. ताप तर चौथ्या दिवशीच गेला, आणि मी कपाळावर हात ठेवून बसलो की आता ही जाणार. तुझी रविवारची चिठ्ठी आली तेव्हा हाताशी दुसरं कारण नव्हतं. उतरलेला ताप चढला तर काय समजायचं हे मीच तुला कळवलं होतं, आणि तेच मी लिहून बसलो. तुझा जीव तिकडं कसा टांगणीला लागेल हे सुचलंच नाही, असं म्हणणार होतो. पण तेही खोटं होईल. सुचलं होतं. तरी लिहिलं. पोर हवी होती, सीमा. इतकी हवी होती की आईला मन असतं हे मी बाजूला ठेवलं.

डॉक्टरीणबाईंना काल पुन्हा दाखवून आलो. छाती साफ आहे, पाळणाघरात खुशाल पाठवा म्हणाल्या. आता माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, त्यांना फोन कर, नंबर दत्ताकडे दिलाय.

रविवारी तू येऊ नकोस. उद्याच मी तिला घेऊन येतो. तुझी कामाची पाळी सुटेपर्यंत खोलीच्या बाहेर ओट्यावर बसू.

मघाशी तिची पिशवी भरली. फ्रॉक, स्वेटर, औषधाची रिकामी बाटली, तीही तिला हवी आहे. पिशवी उचलून ती दारापाशी गेली आणि मागं वळून म्हणाली, "आन् आबा, तुमची पिशवी कुठंय?"

खोली तुमची आहे. लहान आहे हेही मला माहीत आहे. तिला काय सांगू, ते तूच कळव.

तिचा आणि तुझाही,
आबा