भाऊसाहेबांच्या पुड्या

॥ श्री ॥
गुडगाव, १२ ऑगस्ट १९९७

ती. कुमुदताईस,
वृंदाचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. तो आळस नव्हता, हे आता शिक्क्यानिशी सिद्ध झालं आहे. गेले चार महिने मी बसल्या जागी पेंगत होते, या उकाड्यात पंखा बंद करा म्हणत होते, फणीत केसांचे पुंजके येत होते आणि वजन सात किलोंनी वाढलं. श्याम म्हणायचा, नव्या जागेचा शीण आहे. इथल्या डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला आणि रक्त तपासायला लावलं. थायरॉइडची ग्रंथी काम कमी करते आहे. टीएसएच नावाचा एक आकडा पाचाच्या आत हवा, माझा अडतीस आला. आकडा जितका मोठा तितकी ग्रंथी आळशी, असं उलटं गणित आहे.

बाईंनी करोल बागेतल्या डॉ. खुरानांकडे चिठ्ठी दिली. ते फक्त ग्रंथींचेच डॉक्टर आहेत. इथून धौला कुआँपर्यंत बस, तिथून दुसरी बस, मग ऑटो, आणि हे सगळं सकाळी उपाशी, कारण रक्त द्यायचं. आमच्या या नव्या वस्तीत संगमरवरी जिने आहेत, लिफ्ट आहे, पण धड रस्ता नाही आणि फोनचा अर्ज वर्षभर पडून आहे. खिडकीतून बाजरीची शेतं आणि उभे राहणारे खांब दिसतात.

आता मुख्य गोष्ट. मिरजेत तिसऱ्या महिन्यात माझं मूल गेलं होतं, ते मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, यामुळेही गेलं असेल. आधी आकडा खाली येऊन स्थिर राहू दे, मगच पुन्हा विचार करा. येत्या मार्चमध्ये मला पस्तिसावं पुरं होतं, ताई. आकड्यांना ते कुठे ठाऊक असतं? सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर एक इवलीशी गोळी घ्यायची आहे. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त.

श्यामचा नमस्कार. तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
वृंदा


॥ श्री ॥
मिरज, २४ ऑगस्ट १९९७

चि. सौ. वृंदास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून रागच आला. चार महिने अंगावर काढलंस. मिरजेत पावलोपावली दवाखाना, आणि माझी बहीण दोन बसा बदलून रक्त द्यायला जाते. तरी मी तेव्हाच म्हणत होते की उत्तरेकडे जपून जा. तुझ्या गुडगावापासून पानिपत फार लांब नाही म्हणतात.

ऐक. त्या डॉक्टरांची गोळी घेच, पण उपाशीपोटी नुसत्या पाण्यावर औषध घ्यायचं म्हणजे आतडी जाळून घेणं. आई गेल्यापासून तुला मी वाढवलं आहे, तुझं पोट मला माहीत आहे. भाऊसाहेब वैद्यांकडून पुड्या करून आणल्या आहेत, मंडूर आणि प्रवाळ. मंडूरानं रक्त वाढेल, प्रवाळानं हाडं धरतील. पुढे मूल व्हायचं तर अंगात काही हवं ना? पाच महिन्यांच्या पुड्या पार्सलनं पाठवते आहे. रोज सकाळी कपभर दुधातून एक घे आणि गोळीही त्यातच घे, म्हणजे दोन्हींतलं एक विसरायला नको. हे काही औषध नव्हे, अंगाला कस यावा म्हणून आहे.

तुझं अक्षर मात्र जड झालं आहे. वेलांट्या झोपल्यासारख्या वाटतात. शाळेत असतीस तर मी दहातले चार दिले असते. पत्र नेहमीसारखं तारेला खोचलं आहे. दोघं सांभाळून राहा आणि मला विसरू नका.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
गुडगाव, २० डिसेंबर १९९७

ती. ताईस सा. न. वि. वि.

पुड्या सप्टेंबरात मिळाल्या, तेव्हापासून एक दिवस चुकवलेला नाही. दूध मला आवडत नाही हे तुला ठाऊक आहे, तरी नाक धरून पिते. पण गुण म्हणशील तर पालथ्या घड्यावर पाणी. ऑक्टोबरात आकडा एकतीस आला. डॉक्टरांनी गोळी दुप्पट ताकदीची केली, तर सत्तावीस. आता तिप्पट केली आहे.

परवा तर फारच वाईट वाटलं. डॉक्टर माझ्याकडे न बघता श्यामला म्हणाले की या गोळ्या घेत नसाव्यात. मी दोन बसा बदलून त्यांच्याकडे जायचं आणि गोळ्या खिडकीतून फेकायच्या, असं त्यांना वाटतं का? मग त्यांनी मलाच विचारलं, “और कुछ लेती हैं?” मी म्हटलं, नाही. आणखी काय घेणार मी? त्यांनी गळ्याची सोनोग्राफी लिहिली, रक्ताच्या आणखी दोन तपासण्या लिहिल्या आणि एका मोठ्या हॉस्पिटलच्या नावे चिठ्ठी दिली. तिथे पहाटे सहाला रांगेत उभं राहून दहाला कार्ड मिळालं, आणि कार्डावर तारीख होती फेब्रुवारीची. पुढच्या माणसाच्या हाती जाणाऱ्या चिठ्ठ्यांखेरीज माझ्या आजाराचं काहीच पुढे सरकत नाही.

श्याम आता रोज सकाळी माझ्यासमोर उभा राहतो आणि गोळी गिळताना बघतो. त्या बघण्यानं मला जास्त त्रास होतो. शेजारच्या अलकनंदा माथुरांना दिवस गेले आहेत. त्या मला जिन्यात भेटल्या की मी लिफ्टनं जाते. मी इतक्या हलक्या मनाची नव्हते गं.

दोन ओळी तरी लिही. तुझ्या अक्षरानं बरं वाटतं.

तुझी,
वृंदा


॥ श्री ॥
मिरज, ६ जानेवारी १९९८

चि. सौ. वृंदास अनेक आशीर्वाद.

तुझ्या डॉक्टरांना माझा निरोप सांग की आमच्या घराण्यात खोटं बोलायची रीत नाही. श्यामरावांनाही सांग की पाहायचंच तर सिनेमा पाहा, बायकोचा घसा नको. त्यांच्यावर रागावू नकोस मात्र. माणूस घाबरला की पहारा देतो.

एक अडचण झाली आहे. भाऊसाहेब अंगणात घसरून पडले, उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. खल ते दुसऱ्या कुणाला धरू देत नाहीत. तेव्हा नव्या पुड्या मार्चपर्यंत काही निघत नाहीत. आहेत त्या पुरवून वापर. त्या अलकनंदाबाईंना जिन्यात भेटलीस तर थांब, विचारपूस कर. मनातलं विष असं थोडं थोडं उतरतं.

प्रकृतीचं कळवत जा. माझा जीव तिकडेच असतो.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
गुडगाव, २५ मार्च १९९८

ताई, सा. न. वि. वि.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे, दोनदा उठले. बसवतच नाही. आज सकाळपासून घर तीनदा झाडलं, श्यामचे सगळे शर्ट धुतले, त्यातले दोन धुतलेलेच होते. छाती इतकी धडधडते की कानात ऐकू येते. हात थरथरतो, बघ ना अक्षर. नऊ किलो उतरले. बायका विचारतात काय खाता. झोप नाही, भूक सारखी, आणि कशावरून तरी रडू येतं. काल टँकरवाला पाणी न देता गेला तर मी गच्चीतून त्याला हिंदीत इतकं बोलले की श्याम बघत राहिला.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. गेल्या महिन्याच्या शेवटी ही धडधड सुरू झाली, म्हणून आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, सांगितलं हृदय ठीक आहे, थायरॉइड बघा. थायरॉइड बघितला तर आकडा जवळजवळ शून्य! सत्तावीसवरून शून्य. डॉ. खुराना या वेळी श्यामशीही नीट बोलले नाहीत. म्हणाले, आधी घेत नव्हत्या, आता मुठीनं घेतात. आणि मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. मूल यंदा विसरा म्हणाले. हे त्यांनी रोखपाल खिडकी बंद करतो ना, तसं सांगितलं.

श्यामनं गोळ्यांची बाटली कपाटात कुलपात ठेवली आहे. रोज एक काढून देतो. मी एकच घेते ताई, रोज एकच. तुझ्या पुड्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपल्या, तेव्हाच दूधही सोडलं, तेवढंच सुख. आता नुसत्या पाण्याबरोबर ती एक गोळी, बाकी काही नाही. तरी हे असं. मलाच आता वाटायला लागलं आहे की मी झोपेत उठून काही करते की काय. तू तरी मला खोटी समजू नकोस.

वृंदा


॥ श्री ॥
मिरज, १ एप्रिल १९९८

चि. वृंदा, आशीर्वाद.

तू खोटी नाहीस. आधी हे वाचून घे, मग पुढचं.

तुझं पत्र आलं ते अक्षर पाहून मी हबकले. शाळेतून येऊन तुझी सगळी पत्रं तारेवरून उतरवली आणि तारखेनं लावली. आजवर पत्र वाचलं की खोचलं, पुन्हा कधी मागे गेले नव्हते. ऑगस्टात आकडा अडतीस. सप्टेंबरात माझ्या पुड्या पोहोचल्या. मग गोळी दुप्पट झाली, तिप्पट झाली, तरी आकडा हटत नाही. फेब्रुवारीत पुड्या संपल्या, दूध सुटलं, आणि महिन्याच्या आत तुझी छाती धडधडायला लागली. बाई, गोळी तीच होती. फक्त माझं काही तिच्या वाटेत उरलं नव्हतं.

तशीच भाऊसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, मंडूर म्हणजे लोखंड, प्रवाळ म्हणजे चुन्याच्या जातीचं, दुसरं औषध त्याबरोबर कधीच घेऊ नये, अंतर ठेवावं. मला म्हणाले, दुसरी गोळी चालू आहे हे तुम्ही बोलला नाहीत. खरंच बोलले नव्हते. तूही तुझ्या डॉक्टरांना बोलली नाहीस, कारण मीच तुला लिहिलं होतं की हे औषध नव्हे. ते पत्र तुझ्यापाशी असेल. काढून बघ.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पाच महिने मी तुझी गोळी मारली, त्यापायी ती वाढली, आणि आता तिप्पट झालेली गोळी तुला एकदम लागली. ज्या मुलासाठी तू झुरतेस, त्याच्या वाटेत मीच बसले होते.

उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा. सोबत भाऊसाहेबांनी डाव्या हातानं लिहिलेली यादी आणि मी काढलेल्या तारखा आहेत. सगळं सांग आणि माझ्या नावानिशी सांग. श्यामरावांना हे पत्र वाचायला दे.

ताई


॥ श्री ॥
गुडगाव, १८ डिसेंबर १९९८

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

एप्रिलपासून हे माझं पाचवं पत्र. तुझं एकही नाही. तुझ्या शेजारच्या शुभदाकाकूंकडून तुझी खुशाली कळते, म्हणून जिवात जीव आहे. तू माझ्यावर रुसली असतीस तर मी समजूत काढली असती. स्वतःवरच रुसून बसलेल्या माणसाचं काय करायचं? म्हणून मागच्या चार पत्रांत लिहिलेलं पुन्हा लिहिते. ती तू तारेला न वाचताच खोचली असशील.

डॉ. खुरानांनी तुझ्या तारखा दोनदा वाचल्या. पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “पूछा तो था मैंने.” मी म्हटलं, विचारलं होतंत, पण घरून आलेलं मी औषधात धरलंच नव्हतं. मग त्यांनी श्यामसमोर माझी माफी मागितली. मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या हातून घेऊन फाडली. हे कुणी शोधलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझी बहीण मिरजेला मराठी शिकवते. ते म्हणाले की त्यांना इकडेच पाठवून द्या, माझ्या कंपाउंडरला फाइल लावायला शिकवतील.

गोळी निम्मी झाली. जूनमध्ये आकडा चार, ऑगस्टात अडीच, मग दोन. श्यामनं कुलूप काढलं, मी सांगितलं नव्हतं तरी. आणि आता नवीन. तिसरा महिना लागला आहे. गोळी थोडी वाढवली आहे, अशा वेळी वाढवतातच, तू घाबरू नकोस. दर सहा आठवड्यांनी रक्त आहे. अलकनंदाबाई त्यांच्या लेकीला माझ्या मांडीवर ठेवून बाजारात जातात.

पण भीती वाटते गं. मागच्या वेळी याच महिन्यात गेलं होतं, आणि तेव्हा तू उशाशी होतीस. आता इथे सगळे आकडे चांगले आहेत आणि तरी मी दर तासाला उठून उगीच पाणी पिते. पुड्या नकोत, लाडू नकोत. तूच ये. पानिपत झालं ते होऊन गेलं, आता गाड्या सुटतात.

तुझीच,
वृंदा


॥ श्री ॥
मिरज, २७ डिसेंबर १९९८

चि. सौ. वृंदास अनेक अनेक आशीर्वाद.

तुझी चार पत्रं आज फोडली. हो, फोडलीच नव्हती. पाकिटासकट तारेला होती. त्यांत काय लिहिलं असेल ते वाचायचा धीर नव्हता. पाचवं आलं तेव्हा पाकिटावरचा पत्ता पाहिला. माझ्या नावातले दोन्ही उकार नीट वळले होते, हात कापत नव्हता. म्हणून उघडलं.

शाळेत रजा टाकली आहे. ५ तारखेची गोवा एक्सप्रेस आहे, श्यामरावांना निजामुद्दीनला यायला सांग. मला हिंदी धड येत नाही, पण डॉक्टरांपुढे बसेन आणि त्यांनी विचारलं की तू आणखी काय घेतेस, तर तुझ्या आधी मी उत्तर देईन. पिशवीत दोन लुगडी आणि तुझी ही पाच पत्रं आहेत, बाकी काही नाही. आधी पिशवी तपासून घ्या, असं स्टेशनवरच श्यामरावांना सांगणार आहे.

पाणी पीत राहा. मी येईपर्यंत गोळी नुसत्या पाण्याबरोबरच घे.

तुझी,
ताई